बोधिधर्माची बनावट सनद

गोष्ट तुम्ही ऐकलेली असणार. कांचीपुरमचा एक पल्लव राजपुत्र राज्य सोडून भिक्षू होतो, चीनला जातो आणि फिरत फिरत शाओलिनच्या मठात पोचतो. तिथले भिक्षू बसून बसून इतके अशक्त झालेले की ध्यानाला बसले की पेंगायला लागतात. हा माणूस आधी नऊ वर्षं गुहेत भिंतीकडे तोंड करून बसतो, मग उठतो आणि त्यांना शरीर कमवायला शिकवतो. त्यातून कुंगफू निघतं, कुंगफूतून कराटे, कराटेतून तायक्वांदो. म्हणजे हिशेब केला तर ब्रूस ली आपला, जॅकी चॅन आपला, आणि कोरियाने ऑलिंपिकमध्ये मिळवलेली तायक्वांदोची पदकंसुद्धा आपलीच. २०११ साली यावर तामिळमध्ये सूर्याचा एक मोठा सिनेमा आला. हिंदीत डब होऊन तो 'चेन्नई वर्सेस चायना' झाला. फॅमिली ग्रुपवर फिरणारी आवृत्ती बहुतेक तिथूनच निघाली असावी.

मला ही गोष्ट आवडते, हे आधीच सांगून टाकते. पाचवी ते आठवी मी साताऱ्यात कराटे शिकले. एका मंगल कार्यालयाचा हॉल सकाळी दोन तास मिळायचा आणि लग्नसराईत क्लासला सुट्टी असायची. सरांनी पहिल्याच आठवड्यात बोधिधर्म सांगितला होता आणि त्या दिवशी मी ताठ मानेने घरी गेले होते. पुढे इतिहास शिकले आणि एक सवय लागली. कोणी वंशावळ पुढे केली की आधी कागद मागायचा. जुन्या दफ्तरात ज्यांनी काम केलंय त्यांना बनावट सनद नवी नसते. कागद जुना दिसतो, शिक्का गोल असतो, नाव मोठ्या माणसाचं असतं, आणि आतल्या एखाद्या ओळीत लिहिणारा स्वतःच सापडतो. बोधिधर्माच्या गोष्टीलाही असाच एक कागद आहे.

पण आधी खऱ्या सनदेबद्दल, कारण शाओलिनकडे एक अस्सल सनद आहे आणि ती दगडात कोरलेली आहे.

चीनच्या हनान प्रांतात सोंग पर्वतावर उत्तर वेई घराण्याच्या सम्राटाने इसवी सन ४९५ च्या सुमारास हा मठ बांधून दिला. ज्याच्यासाठी बांधला तो भिक्षू खरोखरच भारतातून आलेला होता. चिनी नोंदींत त्याचं नाव बातुओ असं येतं. म्हणजे शाओलिनचा संस्थापक भारतीय, हे विधान पूर्णपणे खरं आहे, फक्त त्या भारतीयावर कोणी सिनेमा काढलेला नाही. कारण उघड आहे. बातुओने कोणाला लाथ मारायला शिकवली असं कुणीच म्हणत नाही.

६२१ साली तांग घराणं सत्तेसाठी लढत होतं. लुओयांगमध्ये वांग शिचोंग नावाचा प्रतिस्पर्धी ठाण मांडून बसला होता आणि त्याच्या लोकांनी शाओलिनच्या मालकीची एक जमीन ताब्यात घेतली होती. मठातल्या भिक्षूंनी ती परत मिळवली आणि वांगच्या पुतण्याला पकडून तांग राजपुत्राच्या हवाली केलं. राजपुत्र पुढे सम्राट झाला. मठाला चाळीस छिंग जमीन आणि एक पाणचक्की इनाम मिळाली. ७२८ मध्ये हे सगळं एका शिळेवर कोरलं गेलं, लढलेल्या तेरा भिक्षूंच्या नावांसकट. ती शिळा आजही मठात उभी आहे. आपल्याकडे गावच्या देवळाला इनाम मिळालं की जसा शिलालेख कोरायचे, तसाच हा प्रकार : जमीन किती, दिली कोणी, का दिली. पुढच्या राजाने हात लावू नये म्हणून केलेली सोय. त्यात कुंगफू नाही, ध्यान नाही, बोधिधर्माने शिकवलेलं काही नाही. जमीनदार मठ आहे, अंदाधुंदीचा काळ आहे आणि भिक्षूंच्या हातात शस्त्रं आहेत.

बळासाठी भिक्षू कोणाची प्रार्थना करत होते, हेही कळतं. वज्रपाणीची. हातात वज्र घेतलेला, बुद्धाचा रक्षक. अजिंठ्याच्या एक नंबरच्या लेण्यात पद्मपाणी आणि वज्रपाणी दोन बाजूंना रंगवलेले आहेत, त्यांतला हा दुसरा. आठव्या शतकातल्या एका चिनी गोष्टीत एका अशक्त भिक्षूला बाकीचे त्रास देतात, तो वज्रपाणीचा धावा करतो, तर देव प्रकट होऊन त्याला चक्क वाटीभर स्नायू खायला घालतो. भिक्षू म्हणतो, मी शाकाहारी आहे. देव दम देतो. मग तो खातो. मार्शल आर्टच्या सगळ्या उगमकथांत मला ही सर्वांत प्रामाणिक वाटते.

सोळाव्या शतकात शाओलिनचं नाव काठीसाठी गाजत होतं. १५५३ मध्ये तिथल्या भिक्षूंनी किनाऱ्यावर चाच्यांशी केलेली लढाई नोंदलेली आहे. तेव्हा भिक्षूंना कोणी विचारलं असतं, की बाबांनो, ही काठी तुम्हाला शिकवली कोणी, तर उत्तर 'बोधिधर्म' असं आलं नसतं. उत्तर आलं असतं : स्वयंपाकघरातल्या एका गड्याने. मठावर बंडखोर चालून आले तेव्हा हा गडी चुलीतला जाळ सारायची काठी घेऊन उठला, डोंगराएवढा झाला आणि त्यांना पळवून लावलं. मग कळलं की तो किन्नरराज होता. मठात त्याची मूर्ती होती, त्याच्या नावाचा शिलालेख होता, आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला शाओलिनच्या काठीवर जे पहिलं सविस्तर पुस्तक निघालं त्यातही श्रेय त्यालाच आहे. 'किन्नर' हा शब्द आपल्याकडून तिकडे गेलेला, बौद्ध ग्रंथांतून. पण काठी चुलीतली आहे.

मग बोधिधर्म कुठे होता?

त्याचा सर्वांत जुना उल्लेख ५४७ सालचा आहे. यांग शुआनझी नावाचा एक अधिकारी युद्धात उजाड झालेल्या लुओयांगमध्ये परत येतो आणि कधीकाळी तिथे असलेल्या विहारांची आठवणीतून नोंद करतो. योंगनिंग विहाराच्या प्रचंड उंच पॅगोडाबद्दल लिहिताना तो सांगतो, की पश्चिमेकडच्या मुलखातून आलेला बोधिधर्म नावाचा एक इराणी भिक्षू तो पॅगोडा बघून थक्क झाला होता. आपलं वय दीडशे वर्षं आहे, आपण पुष्कळ देश फिरलो, पण असं कुठे पाहिलं नाही, असं म्हणत तो हात जोडून कित्येक दिवस 'नमो' म्हणत राहिला. बस, एवढंच. इराणी. दक्षिण भारतातला राजपुत्र हे वर्णनही त्याच शतकातलं आहे, त्याच्या शिष्यपरंपरेतल्या एकाने लिहिलेलं, त्यामुळे ते टाकून देण्यासारखं नाही. पण त्याचं नाव शाओलिनशी जोडलं गेलं ते आणखी शंभर-दीडशे वर्षांनी, आणि तेही ध्यानगुरू म्हणून. भिंतीकडे तोंड, पाठीमागे बर्फात उभा शिष्य. हात-पाय हलवण्याचा विषय कुठेच नाही.

तो आला १६२४ साली, एका पुस्तकातून.

पुस्तकाचं नाव 'यीजिन जिंग', म्हणजे स्नायूंचा कायापालट करणारं सूत्र. त्याला दोन प्रस्तावना आहेत. पहिलीवर तांग काळातला नामांकित सेनापती ली जिंग याचं नाव आहे, साल ६२८. दुसरीवर सोंग काळातला सेनापती न्यू गाओ, साल ११४२. पहिल्या प्रस्तावनेत सगळी हकीकत येते. बोधिधर्म गेल्यावर मठाच्या भिंतीची डागडुजी करताना आत एक लोखंडी पेटी सापडली. तिच्यात भारतीय लिपीतली दोन सूत्रं होती. एक शिष्याने नेलं, ते हरवलं. दुसरं हे. भिक्षूंना ते धड वाचता येईना. ज्याला जेवढं समजलं तेवढंच तो खरं मानून बसला आणि सगळे आडवाटेला लागले. शेवटी एक जण ते घेऊन एमेई पर्वतावर गेला, तिथे त्याला एक भारतीय भिक्षू भेटला आणि त्याने अर्थ उलगडून दिला. मग तो ग्रंथ हातोहात फिरत 'दाढीवाला वीर' नावाच्या पुरुषाकडे आला आणि त्याने तो सेनापतीला दिला.

दाढीवाला वीर! हे पात्र तांग काळातल्या एका गाजलेल्या कथेतलं आहे. त्या कथेत तो आणि सेनापती ली जिंग खरंच भेटतात, पण कथेत. म्हणजे उद्या कोणी दफ्तरात कागद आणावा आणि त्यात लिहिलेलं असावं, की ही सनद आम्हाला फास्टर फेणेने आणून दिली. दुसरी प्रस्तावना त्याहून मजेशीर. सेनापती न्यू गाओ सुरुवातीलाच सांगतो, की मी लष्करी गडी, मला एक अक्षर वाचता येत नाही. आणि मग छान प्रस्तावना लिहितो.

अठराव्या शतकात लिंग तिंगकान नावाच्या विद्वानाने हे सगळं वाचलं आणि निकाल दिला, की हे काम कुठल्यातरी अडाणी गावमास्तराचं आहे. खरा कर्ता बहुधा पुस्तकाच्या शेवटी १६२४ ची तारीख घालून सही करणारा इसम : झीनिंग, तियानताई पर्वतावरचा एक दाओपंथी. बौद्धसुद्धा नव्हे.

इथपर्यंत आलं की बहुतेक लोक थांबतात. खोटं पकडलं, संपलं. मला मात्र हा झीनिंग त्यापुढेच जास्त महत्त्वाचा वाटायला लागतो. कारण त्याने वडिलांचं नाव खोटं लावलं, पण मूल खरं होतं.

सोळाव्या शतकातला सेनापती ची जीग्वांग याचं लष्करी पुस्तक प्रसिद्ध आहे. त्यात नुसत्या हातांच्या झुंजीवरही एक प्रकरण आहे आणि तो सरळ सांगतो, की मोठ्या लढाईत याचा उपयोग नाही, पण हातापायांना वळण लागतं, शिकाऊ शिपायासाठी बरं. लढाई भाल्यांनी आणि तलवारींनी होते, रिकाम्या हाताने नाही. म्हणजे लढाई एकीकडे. दाओपंथीयांचे श्वासाचे आणि ताणाचे व्यायाम दुसरीकडे, ते आजार टाळायला आणि आयुष्य वाढवायला. ध्यान तिसरीकडे, ते मुक्तीसाठी. हे तीन ओढे शतकानुशतकं वेगवेगळे वाहत होते. झीनिंगच्या पुस्तकात ते एकत्र येतात. अंग चोळायचं, खड्यांनी भरलेल्या पिशवीने बडवायचं, श्वास आत फिरवायचा. याने शरीर असं होईल की त्यावर वार चालणार नाही, आणि त्याच वाटेने बुद्धत्वही मिळेल. शरीर कमावणं आणि मन मोकळं होणं ही एकच वाट आहे, हे वाक्य आज प्रत्येक क्लासच्या माहितीपत्रकावर असतं. ते ज्या पुस्तकांतून ठळकपणे पुढे आलं त्यांतलं हे एक. ताईचीसारख्या पद्धतीही त्याच सतराव्या शतकात आकाराला येऊ लागल्या. गंमत म्हणजे या पुस्तकात ठोसा किंवा लाथ कुठेच शिकवलेली नाही. तो भाग नंतरच्यांनी जोडला.

त्याला बोधिधर्म का लागला? कारण स्वतःच्या नावावर हे कोणी वाचलं नसतं. डोंगरावरच्या एका अनामिक माणसाने काढलेल्या व्यायामाला गिऱ्हाईक नसतं. हजार वर्षांपूर्वीच्या, परदेशी, न वाचता येणाऱ्या लिपीतल्या व्यायामाला असतं. (हे तुम्हाला रील्सवरच्या 'हजारो वर्षांपूर्वी आपल्या ऋषींनी' ने सुरू होणाऱ्या कशाचीही आठवण करून देत असेल तर तो माझा दोष नाही.)

पण शरीरावर वार चालणार नाही, हे वचन पुस्तकात राहिलं असतं तर ठीक होतं. १९०० साली उत्तर चीनमध्ये यीहेत्वान उठले. दुष्काळाने पिचलेली, परदेशी लोकांवर चिडलेली शेतकऱ्यांची तरुण पोरं. इंग्रजीत त्यांना 'बॉक्सर' म्हटलं गेलं. मंत्र, अंगात येणं आणि मुठींचे हातवारे यांनी गोळी लागत नाही अशी त्यांची श्रद्धा होती. ही श्रद्धा त्यांनी झीनिंगच्या पुस्तकातून उचलली असं मी म्हणणार नाही, तिची मुळं खेड्यांतल्या देवदेवस्कीत होती. पण कल्पना त्याच कुळातली. मिशनरी आणि चिनी ख्रिश्चन त्यांच्या हातून मारले गेले. मग आठ देशांच्या फौजा आल्या आणि गोळ्या लागल्या. त्या फौजांत ब्रिटिशांनी पाठवलेले हिंदी शिपाईही होते. भारतातून चीनला शरीर वज्राचं करायची विद्या गेली की नाही यावर आपण वाद घालतो. रायफली गेल्या, याची नोंद पक्की आहे.

त्यानंतर शिकलेल्या चिन्यांना मुष्टियुद्धाची लाज वाटायला लागली. आणि लाज वाटायला लागली की वंशावळीची गरज वाढते. एका लोकप्रिय कादंबरीत बोधिधर्म हा मुष्टिविद्येचा जनक म्हणून आला, १९१५ च्या एका 'गुप्त' पुस्तिकेने ते पक्कं केलं. १९२८ मध्ये नानजिंगच्या सरकारने राष्ट्रीय संस्था काढली आणि या विद्येला नाव दिलं 'ग्वोशू', राष्ट्राची कला. त्याच वर्षी शी योउसान नावाच्या लष्करशहाने खरं शाओलिन पेटवून दिलं आणि मठातला ग्रंथसंग्रह जळाला.

त्या राष्ट्रीय संस्थेशी संबंधित असलेलाच एक माणूस होता तांग हाओ. जपानमध्ये शिकलेला, पेशाने वकील, स्वतः ही विद्या जाणणारा. वकील असल्यामुळे असेल, त्याने पुरावा मागितला. १९३० साली त्याने शाओलिन आणि वुदांग यांच्यावरचं छोटं पुस्तक काढलं आणि दाखवून दिलं, की बोधिधर्माचा कुंगफूशी संबंध नाही, आणि झांग सानफेंग या दाओपंथी सिद्धाने ताईची निर्माण केली यालाही आधार नाही. मग तो चेन कुटुंबाच्या गावी गेला आणि तिथली कुळाची कागदपत्रं तपासली. त्याच्यावर या विद्येतले लोक इतके खवळले की त्याला गाठून मारायचा बेत झाला होता असं सांगतात. देश दुबळा असताना हा आपल्याच पूर्वजांच्या मुळावर उठला, असं त्यांना वाटलं असणार. मला तांग हाओ जवळचा वाटतो तो यासाठी, की तो बाहेरचा टिंगलखोर नव्हता. त्याचं त्या विद्येवर प्रेम होतं आणि ती टिकायची तर खोट्या सनदेवर टिकू नये एवढंच त्याचं म्हणणं होतं.

जपानमध्ये गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. तिथे तलवार बाळगायला १८७६ मध्ये बंदी आली आणि जुजुत्सू शिकवणारे उस्ताद पोटासाठी हाडवैद्यकी करायला लागले. कानो जिगोरो हा किरकोळ अंगाचा, शाळेत मार खाल्लेला विद्यार्थी तोक्योत गुरू शोधत फिरला तो हाडवैद्यांच्या पाट्या बघत. त्याचा पहिला गुरू हाडवैद्यच होता. १८८२ मध्ये कानोने एइशोजी नावाच्या एका देवळात बारा चटयांच्या जागेत शिकवायला सुरुवात केली आणि नावातलं 'जुत्सू' काढून 'दो' लावलं. जुत्सू म्हणजे कसब, दो म्हणजे मार्ग. कानो शिक्षक होता, पुढे शिक्षकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयाचा प्रमुख झाला, १९०९ मध्ये ऑलिंपिक समितीवर गेलेला पहिला आशियाई झाला. त्याने कुठल्याही बोधिधर्माचा आधार घेतला नाही. ज्यूदो मी केलं, असं तो म्हणे, आणि कशासाठी केलं तेही सांगे : ताकदीचा नेमका वापर आणि आपलं-दुसऱ्याचं एकत्र भलं. काळा पट्टा त्याच्याच शाळेतून आला. रंगीत पट्टे युरोपातल्या क्लासांनी काढले. त्यामुळे दर तीन महिन्यांनी नव्या पट्ट्याची फी भरणाऱ्या पालकांनी बोधिधर्माला दोष देऊ नये.

'दो' च्या या काळात जुनी विद्या शाळेत आणणारे सगळीकडे मास्तर होते. आमच्या साताऱ्याजवळच्या औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी तरुणपणी युजेन सँडो या जर्मन पहिलवानाच्या पद्धतीने व्यायाम करत होते, आणि ते सोडून त्यांनी सूर्यनमस्कार धरले. मग संस्थानातल्या शाळांत ते आणले, पुस्तक लिहिलं, आणि ते इंग्लंडपर्यंत गेलं. नमस्कार जुनाच, पण शाळेच्या मैदानावर आकड्यावर घालायचा सांघिक सूर्यनमस्कार हा विसाव्या शतकातला आहे. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी मल्लखांब आणि कबड्डी दाखवायला गेलं. त्याच बर्लिनमध्ये चीनच्या ग्वोशू पथकाचे प्रयोग झाले. आणि कानो तिथेच होता, १९४० चं ऑलिंपिक तोक्योसाठी मागायला. तिघांनाही जगाला हेच दाखवायचं होतं, की आमचं शरीर कमजोर नाही. यजमान कोण होता ते वेगळं सांगायला नको.

आता कराटे. ओकिनावा बेटावर चिनी मुष्टिविद्येचं आणि स्थानिक झुंजीचं मिश्रण होऊन ते तयार झालं. नाव होतं 'तोदे', लिहायची अक्षरं 'तांग' आणि 'हात', म्हणजे चिनी हात. इतोसू आंको या सत्तरीतल्या उस्तादाने ते १९०१ च्या सुमारास शुरी गावच्या प्राथमिक शाळेत नेलं. १९०८ मध्ये त्याने शिक्षण खात्यासाठी दहा कलमांचं एक पत्र लिहिलं, आणि त्याची सुरुवातच अशी आहे, की कराटे हे बौद्ध धर्मातूनही आलेलं नाही आणि कन्फ्यूशियसच्या शिकवणीतूनही नाही, चीनमधून आलेल्या दोन पद्धती आहेत. इतकं स्वच्छ. पुढे तो हेही लिहितो, की प्राथमिक शाळेपासून शिकवलं तर उद्या लष्करात गेलेल्या मुलांना त्याचा उपयोग होईल. तेही तितकंच स्वच्छ.

इतोसूचा शिष्य फुनाकोशी गिचिन, हाही शाळामास्तर, १९२२ मध्ये तोक्योत प्रात्यक्षिक द्यायला गेला आणि तिथेच राहिला. कानोने त्याला आपल्याकडे बोलावून प्रयोग करवला. पांढरा गणवेश आणि पट्टा ज्यूदोकडून आले. नावातला चीन मात्र अडचणीचा होता. 'तांग' या अक्षराचा जपानी उच्चार 'कारा', आणि 'कारा' च उच्चाराचं दुसरं एक अक्षर आहे, त्याचा अर्थ रिकामं. ते अक्षर घेतलं की 'चिनी हात' चा 'रिकामा हात' होतो, आणि उच्चार बदलत नाही. १९३६ च्या ऑक्टोबरमध्ये नाहा शहरात एका वर्तमानपत्राने बोलावलेल्या बैठकीत ओकिनावाच्या उस्तादांनी या नावावर शिक्कामोर्तब केलं. नऊ महिन्यांनी जपानने चीनवर पूर्ण ताकदीनिशी युद्ध लादलं.

आता ते रिकामं अक्षर बघा. बौद्ध ग्रंथ चिनीत नेताना भाषांतरकारांनी 'शून्य' या शब्दासाठी हेच अक्षर वापरलं होतं. नागार्जुनाची शून्यता ती हीच. फुनाकोशीला हे माहीत होतं, त्याने नव्या नावाचं समर्थन करताना रूप आणि शून्य यांच्या अभेदाचाच दाखला दिला. क्लासच्या दारावर लिहिलेला 'डोजो' हा शब्द घ्या. बोधगयेला ज्या जागी बुद्धाला ज्ञान झालं त्या 'बोधिमंडा' चं ते चिनी भाषांतर, जपानी उच्चारात. 'झेन' म्हणजे 'चान', आणि 'चान' म्हणजे आपलं 'ध्यान', घासून गुळगुळीत झालेलं. तेव्हा भारतातून तिकडे काय गेलं, याचं माझं उत्तर हे आहे. ठोसा नाही गेला. ठोसा मारणाऱ्याला स्वतःबद्दल बोलायला लागणारे शब्द गेले. राजपुत्राने नेले नाहीत, शेकडो भाषांतरकारांनी शतकानुशतकं खपून नेले, आणि त्यांतला एक एका मास्तरने चीनचं नाव खोडण्यासाठी वापरला.

त्याच फुनाकोशीने १९३५ च्या आपल्या मुख्य पुस्तकात कराटेचा इतिहास सांगताना सुरुवात बोधिधर्मापासून केली. शाओलिन, अशक्त भिक्षू, दोन सूत्रं, सगळं. आपल्या गुरूने पहिल्या ओळीत नाकारलेलं त्याने छापलं. 'शून्य' आल्यावर शून्याचा कोणीतरी आणणारा लागतोच.

१९४५ च्या वसंतात ओकिनावावर अमेरिकन फौजा उतरल्या. शुरीच्या किल्ल्याखाली जपानी सैन्याचं मुख्यालय होतं, त्यामुळे शुरी जमीनदोस्त झालं. माध्यमिक शाळांतली चौदा-पंधरा वर्षांची मुलं सैन्यात ओढली गेली होती, त्यांतली शेकडो मेली. इतोसूच्या पत्राला तेव्हा सदतीस वर्षं झाली होती. तो स्वतः १९१५ मध्येच वारला होता.

युद्धानंतर ओकिनावाच्या तळांवर राहिलेले अमेरिकन सैनिक तिथल्या उस्तादांकडे कराटे शिकले आणि घेऊन घरी गेले. १९७३ मध्ये 'एंटर द ड्रॅगन' आला. त्याच वर्षी फुनाकोशीचं ते पुस्तक इंग्रजीत निघालं. झीनिंगची पेटी अशी समुद्र ओलांडून पुन्हा उघडली गेली, आणि यथावकाश साताऱ्याच्या मंगल कार्यालयात पोचली.

माझ्या भाच्याची गेल्या डिसेंबरात ब्राउन बेल्टची परीक्षा होती. आजकाल लेखी पेपरही असतो. त्याने आदल्या रात्री सरावाचा कागद मला फोनवर पाठवला. प्रश्न तिसरा : कराटेचा उगम कोणापासून झाला? चार पर्याय होते. बोधिधर्म, ब्रूस ली, फुनाकोशी, परशुराम. तो म्हणाला, मावशी, खरं उत्तर काय? मी त्याला चुलीपाशी काठी घेऊन उभ्या राहिलेल्या गड्यापासून सांगायला सुरुवात केली. दहा मिनिटांनी तो म्हणाला, हे सगळं मस्त आहे, पण यातला पर्याय कुठला?

मार्काला लागतो तो पहिला, मी म्हटलं. इतोसूचं नाव कागदावर नव्हतं.